‘जेरीमँडरिंग’ म्हणजे काय रे भाऊ?



२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात टेक्सासच्या विधानसभेतले पन्नासहून जास्त डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून निघाले आणि त्यातले बरेचसे शिकागोच्या परिसरात जाऊन राहिले. बातमी वाचून आपल्यापैकी अनेकांना गुवाहाटीचं हॉटेल आठवलं असणार! पण २०२२ मध्ये आपले आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले ते सरकार बदलण्यासाठी. टेक्सासचे आमदार गेले ते एका नकाशावर मतदान होऊ नये म्हणून. दीडशे जणांच्या सभागृहात शंभर जण हजर नसतील तर तिथे कामकाज चालत नाही, एवढाच उपाय त्यांच्या हातात उरला होता. दोन आठवड्यांनी ते परतले, नकाशा मंजूर झाला आणि २९ ऑगस्टला गव्हर्नरांची त्यावर सही झाली.

टेक्सासमधून काँग्रेसच्या हाऊसमध्ये ३८ प्रतिनिधी जातात. (इथे काँग्रेस म्हणजे इथली संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे!) २०२४ च्या निवडणुकीत त्यातल्या २५ जागा रिपब्लिकन पक्षाला मिळाल्या होत्या. नव्या नकाशाचा उद्देश त्या ३० पर्यंत न्यायचा, आणि हा उद्देश कोणी लपवूनही ठेवला नाही.

आता गंमत बघा. या काळात टेक्सासमध्ये मतदारांचं मन बदललं म्हणून काही झालं नाही. लोक तेच, त्यांची घरं तीच, मतंही बहुतेक तीच. फक्त मतदारसंघांच्या रेघा हलवल्या आणि पाच जागा इकडच्या तिकडे होण्याची सोय झाली. हे कसं होतं, कशासाठी करतात आणि आपल्यासारख्या, या देशात येऊन घर केलेल्या कुटुंबांना त्याचं काय, हे नीट समजून घ्यावं म्हणून हा लेखनप्रपंच. आपलं मंडळ कोणत्याच पक्षाचं नाही, तेव्हा उदाहरणं दोन्ही पक्षांची दिली आहेत. ती शोधायला फारसे कष्ट पडले नाहीत!

चहावाले आणि कॉफीवाले

एका वसाहतीत ५० घरं आहेत असं समजू. ३० घरांत चहा चालतो, २० घरांत कॉफी. वसाहतीचे दहा-दहा घरांचे पाच विभाग करायचे आणि प्रत्येक विभागातून एक प्रतिनिधी निवडायचा. सरळ हिशेबाने तीन प्रतिनिधी चहावाल्यांचे आणि दोन कॉफीवाल्यांचे यावेत, असं कोणालाही वाटेल.

पण विभाग आखायचं काम चहावाल्यांकडे आहे असं धरा. ते प्रत्येक विभागात सहा घरं चहाची आणि चार कॉफीची येतील अशा बेताने रेघा मारतात. पाचही विभागांत चहा ६, कॉफी ४. निकाल: चहा ५, कॉफी शून्य! वीस घरांचा एकही माणूस कमिटीवर नाही.

आता पेन्सिल कॉफीवाल्यांच्या हातात द्या. ते काय करतील? वीस चहावाली घरं दोन विभागांत गच्च भरतील, दहा आणि दहा. ते दोन विभाग चहावाल्यांनी खुशाल जिंकावेत. उरली चहाची दहा घरं आणि कॉफीची वीस. ती तीन विभागांत वाटली की प्रत्येक ठिकाणी कॉफीचं बहुमत. निकाल: कॉफी ३, चहा २. वसाहतीत अल्पमतात असलेले लोक कमिटीत बहुमतात!

एकाही घराने आपलं पेय बदललेलं नाही, आणि एकाही मताची चोरी झालेली नाही. सगळं कायदेशीर, सगळी मोजणी चोख.

या दोन युक्त्यांना इथे ‘क्रॅकिंग’ आणि ‘पॅकिंग’ म्हणतात. विरोधकांची वस्ती फोडून चार मतदारसंघांत अशी वाटायची की कुठेच तिचा जोर राहू नये, हे क्रॅकिंग. ते जमण्यासारखं नसेल तर त्यांना एकाच मतदारसंघात कोंबायचं. तिथे त्यांचा उमेदवार ८० टक्के मतांनी निवडून येतो खरा, पण ५० टक्क्यांच्या वरची ती सगळी मतं शेजारच्या मतदारसंघात कामी आली असती, ती फुकट जातात. हे पॅकिंग. ‘फोडा आणि झोडा’ आपण शाळेत इंग्रजांच्या धड्यात शिकलो, इथे त्याला ‘कोंबा’ची जोड आहे.

सरड्याचा जन्म

हा शब्द आला कुठून? १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते एल्ब्रिज गेरी. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, म्हणजे मोठा माणूस. त्यांच्या पक्षाने राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ आपल्या सोयीने आखले आणि गेरींनी त्या विधेयकावर सही केली. बॉस्टनच्या उत्तरेला एसेक्स काउंटीत एक मतदारसंघ असा काही वेडावाकडा झाला की ‘बॉस्टन गॅझेट’ने २६ मार्च १८१२ च्या अंकात त्याला पंख, नखं आणि दात काढून छापलं. सॅलमँडर हा सरड्यासारखा दिसणारा प्राणी; गेरी अधिक सॅलमँडर मिळून झाला ‘गेरी-मँडर’. त्या निवडणुकीत गेरींच्या पक्षाला मतं विरोधकांपेक्षा थोडी कमीच पडली, पण सिनेटच्या ४० पैकी २९ जागा मिळाल्या! गेरी स्वतः मात्र गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. (अर्थात पुढच्याच वर्षी ते देशाचे उपाध्यक्ष झाले, तेव्हा फार हळहळायला नको.) त्यांच्या आडनावाचा उच्चार ‘गेरी’, लोकांनी कालांतराने शब्दाचा उच्चार ‘जेरीमँडर’ केला आणि तोच रूढ झाला.

गेरींच्या काळात हे काम कागदावर, अंदाजाने व्हायचं. आता संगणकावर होतं. प्रत्येक बूथवर गेल्या अनेक निवडणुकांत कोणाला किती मतं पडली, हे समोर असतं. एक रस्ता इकडून तिकडे घेतला की टक्का किती सरकला, ते लगेच दिसतं. त्यामुळे दहा वर्षं टिकेल असा नकाशा बेतता येतो.

दहा वर्षं का, तर इथे दर दहा वर्षांनी जनगणना होते, राज्यांच्या वाट्याच्या जागा ठरतात आणि त्यानुसार मतदारसंघ नव्याने आखले जातात. हाऊसमध्ये एकूण ४३५ जागा. २०२० च्या जनगणनेनुसार एका जागेमागे सरासरी सुमारे ७ लाख ६१ हजार लोक. भारतात हे काम डीलिमिटेशन कमिशन करतं, ज्याचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. २००८ च्या पुनर्रचनेत बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांचा राजापूर मतदारसंघ नकाशावरून गेला, मुंबईत दादर विधानसभा मतदारसंघ गेला, ते आपल्याला आठवत असेल. वाईट वाटलं, वादही झाले, पण रेघा मारणारे हात निदान निवडणूक लढवणाऱ्यांचे नव्हते. अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये नकाशा काढते राज्याची विधिमंडळं, म्हणजे ज्यांना त्या रेघांचा थेट फायदा किंवा तोटा होणार तेच लोक! परीक्षा देणाऱ्याने स्वतःच प्रश्नपत्रिका काढावी, तसला प्रकार. महापालिकेच्या प्रभाग रचनेवरून आपल्याकडे जी रस्सीखेच चालते (मुंबईचे प्रभाग २२७ की २३६, यावर दोन सरकारांनी दोन निर्णय घेतले होते) ती डोळ्यांसमोर आणली तर हे चटकन कळेल.

कशासाठी करतात?

पहिला उद्देश उघड आहे: आपल्या पक्षाच्या जागा वाढवणं. नॉर्थ कॅरोलिनामध्ये दोन्ही पक्षांची ताकद जवळपास बरोबरीची. पण २०१६ मध्ये तिथल्या एका रिपब्लिकन आमदाराने, डेव्हिड लुईस यांनी, समितीच्या बैठकीत सरळ सांगून टाकलं की १३ पैकी १० जागा आपल्या आणि ३ त्यांच्या असा नकाशा काढू या. कारण ११-२ असा काढता येईल असं त्यांना वाटत नव्हतं! त्या नकाशात ग्रीन्सबरोमधल्या एका मोठ्या कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या आवारातूनच रेघ गेली. वसतिगृह एका मतदारसंघात, वर्ग दुसऱ्यात. हजारो विद्यार्थ्यांचा एक गठ्ठा दोन ठिकाणी वाटला गेला आणि दोन्हीकडे निवडून आले रिपब्लिकन.

डेमोक्रॅट मागे नाहीत. मेरीलँडमध्ये २०११ साली त्यांनी नकाशा काढला तेव्हा आठपैकी सहा जागा त्यांच्याच होत्या. सातवीही हवी होती. पश्चिमेकडच्या डोंगराळ, ग्रामीण सहाव्या मतदारसंघातले रिपब्लिकन मतदार त्यांनी बाहेर काढले आणि माँटगोमेरी काउंटीतली दाट उपनगरी वस्ती आत घेतली. वीस वर्षं निवडून येणारे रॉस्को बार्टलेट २०१२ मध्ये हरले. तिथले गव्हर्नर मार्टिन ओमॅली यांनी पुढे न्यायालयीन जबानीत हा हेतू मान्य केला. गेथर्सबर्ग, जर्मनटाउन भागात राहणारी आपली किती तरी मंडळी, कोणी काही न विचारता, या खेळातली सोंगटी झाली होती.

पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण तर मुलांनाही सांगावं असं. फिलाडेल्फियाच्या उपनगरांतल्या सातव्या मतदारसंघाचा आकार इतका चमत्कारिक होता की लोक म्हणायचे, गूफी डोनाल्ड डकला लाथ मारतोय! किंग ऑफ प्रशिया इथे तर तो मतदारसंघ एका रेस्टॉरंटच्या जागेएवढा अरुंद होता. २०१२ मध्ये त्या राज्यात डेमोक्रॅट पक्षाला एकूण मतं जास्त पडली, पण जागा १८ पैकी ५. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो नकाशा रद्द करून नवा दिला, आणि त्याच वर्षी निकाल लागला ९-९.

दुसरा उद्देश कमी बोलला जातो, कारण त्यात दोन्ही पक्ष सामील असतात: आहे त्याची खुर्ची शाबूत ठेवणं. कॅलिफोर्नियात २००१ साली दोन्ही पक्षांनी मिळून असा नकाशा केला की तुझे मतदार तुला, माझे मला. २००४ च्या निवडणुकीत तिथे काँग्रेस आणि राज्य विधिमंडळ मिळून १५३ जागांवर मतदान झालं आणि एकही जागा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली नाही. एकही नाही! कधी कधी तर पक्षातल्याच आव्हान देणाऱ्याचा काटा काढला जातो. हकीम जेफ्रीज, जे पुढे हाऊसमध्ये डेमोक्रॅट पक्षाचे नेते झाले, ते २००० साली ब्रुकलिनमध्ये आपल्याच पक्षाच्या आमदाराविरुद्ध प्रायमरी लढले. नंतर नकाशा नव्याने काढला गेला तेव्हा त्यांचं घर असलेला भागच मतदारसंघाबाहेर गेला.

तिसरा उद्देश सगळ्यात जुना आणि सगळ्यात कटू, तो म्हणजे वर्णाचा. अलाबामातलं टस्कीगी शहर चौकोनी होतं. कृष्णवर्णीय लोक मतदार म्हणून नावं नोंदवू लागले, तेव्हा १९५७ साली कायदा करून शहराची हद्द अशी कापली की चौकोनाची २८ बाजूंची आकृती झाली आणि सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे शहराबाहेर पडले. गोरा एकही बाहेर गेला नाही. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं. हे फक्त जुन्या काळातलं नाही. वर्णाच्या आधारावर रेघा मारल्याचे खटले अजूनही न्यायालयात उभे राहतात.

आकारावर जाऊ नका

इथे एक सावधगिरीची सूचना. वेडावाकडा आकार दिसला की जेरीमँडर, असं नसतं. शिकागोचा चौथा मतदारसंघ वर्षानुवर्षं इअरमफसारखा होता, दोन्हीकडे दोन गोळे आणि मधे हायवेच्या कडेने बारीक पट्टी. हसायला सगळे त्याचंच चित्र दाखवायचे. पण तो तसा केला होता तो दोन हिस्पॅनिक वस्त्या जोडून त्या समाजाला एक प्रतिनिधी मिळावा म्हणून. उलट, छान चौकोनी दिसणाऱ्या मतदारसंघांतही वस्ती बरोबर फोडलेली असू शकते.

शिवाय माणसं कुठे राहतात यानेही फरक पडतो. डेमोक्रॅट मतदार शहरांत दाटीने राहतात, म्हणजे ते स्वतःच स्वतःला कोंबून घेतात. मॅसॅच्युसेट्समध्ये साधारण तिसरा हिस्सा मतदार रिपब्लिकन पक्षाला मत देतात, पण १९९६ पासून २०२४ पर्यंतच्या एकाही निवडणुकीत तिथून हाऊसची जागा त्या पक्षाला मिळाली नाही. कारण ते मतदार राज्यभर सारखे पसरलेले आहेत आणि त्यांचं बहुमत होईल असा मतदारसंघ काढणंच अवघड. गेरींच्या राज्यात आज हे व्हावं, याला योगायोग म्हणायचा! तेव्हा मतं आणि जागा यांचा मेळ बसला नाही की लगेच लबाडी झाली, असा निष्कर्ष काढू नये. पण कोणी तोंडाने कबूल केलं, किंवा विद्यापीठाच्या आवारातून रेघ गेली, तर संशयाला जागा उरत नाही.

न्यायालय काय करतं? १९६२ आणि १९६४ च्या निकालांनी मतदारसंघांची लोकसंख्या सारखी असलीच पाहिजे हे ठरवून दिलं. त्याआधी एका मतदारसंघात दुसऱ्याच्या कित्येक पट माणसं असायची. पण पक्षाच्या फायद्यासाठी केलेल्या आखणीबद्दल २०१९ मध्ये, नॉर्थ कॅरोलिना आणि मेरीलँडचे खटले एकत्र समोर असताना, सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की हा प्रकार लोकशाहीशी विसंगत असला तरी केंद्रीय न्यायालयांनी सोडवण्याचा नाही, राज्यांनी बघावं. आमच्या मते २०२५ च्या घडामोडींचं मूळ इथे आहे. टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता मधेच नकाशा बदलला. (२००३ मध्येही बदलला होता, तेव्हा आमदार ओक्लाहोमाला आणि न्यू मेक्सिकोला गेले होते!) त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांचा कौल घेऊन आपला नकाशा डेमोक्रॅट पक्षाच्या पाच जागा वाढतील असा केला. मिझुरी आणि नॉर्थ कॅरोलिनाही त्याच वर्षी या शर्यतीत उतरले. पाच तिकडे, पाच इकडे. दोन्ही राज्यांतल्या लाखो माणसांचं मत कमी किमतीचं झालं, हा हिशेब कोणी मांडत नाही.

यात आपण कुठे?

‘आम्ही अजून एच-१ वर, आमचा काय संबंध?’ असं अनेक तरुण जोडपी म्हणतात. संबंध आहे. जनगणनेत नागरिक आणि बिगर-नागरिक असा भेद होत नाही, इथे राहणारा प्रत्येक माणूस मोजला जातो. मतदारसंघ एकूण लोकसंख्येवर आखायला हरकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये टेक्सासच्याच एका खटल्यात मान्य केलं. म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-बारा वर्षं उभं असलेलं कुटुंबही कुठल्यातरी मतदारसंघाचं वजन वाढवत असतं, मत देता येत नसलं तरी.

आणि नागरिक झालेल्यांची अडचण वेगळी. मोठ्या उत्साहाने शपथ घेऊन, हातात छोटा झेंडा धरून फोटो काढून, पहिल्या नोव्हेंबरात मतदानाला जावं, तर हाऊसच्या जागेचा निकाल आधीच ठरलेला. मतदारसंघ एका पक्षाला बांधून दिला की खरी निवडणूक होते ती त्या पक्षाच्या प्रायमरीत, मार्च ते सप्टेंबरच्या दरम्यान कधीतरी, जेव्हा आपल्यातले निम्मे लोक सुट्टीसाठी भारतात असतात. प्रायमरीला येणारे थोडे आणि कडवे. उमेदवाराला भीती त्यांचीच असते, तुमची-आमची नसते. शाळा, व्हिसा, आरोग्यविमा यांबद्दल आपण पत्र पाठवलं तर छापील उत्तर का येतं, याचं एक कारण हे.

आपला समाज उपनगरांत विखुरलेला. एखाद्या हायवेच्या दोन्ही अंगांना पाच-सात मैलांत भारतीय कुटुंबं असतात, पण तीन गावं, दोन काउंटी. अशी वस्ती कोणी मुद्दाम फोडावी लागत नाही, ती आपोआप फुटते, कारण ती एक आहे हे नकाशा काढणाऱ्याला ठाऊकच नसतं. याउलट कॅलिफोर्नियात २००८ आणि २०१० च्या लोककौलांनी नागरिकांचं कमिशन स्थापन झालं: १४ जण, पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन आणि चार दोन्हीत नसलेले. त्यांनी जाहीर सुनावण्या घेतल्या, लोकांनी येऊन आपापल्या वस्त्यांबद्दल सांगितलं. २०११ मध्ये त्यांनी फ्रीमाँट, सनीवेल, सँटा क्लारा, कुपरटिनो हा भाग एकत्र ठेवला, आणि हवाई सोडून देशातला पहिला आशियाई-बहुल मतदारसंघ तयार झाला. २०१६ मध्ये तिथून रो खन्ना निवडून आले. (२०२५ च्या कौलाने कमिशनचा काँग्रेसचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवला गेला. पाहा, चांगली रचनाही शर्यतीत कशी बळी पडते.)

मराठी माणसाला जवळचं उदाहरण मिशिगनचं. तिथे २०१६ साली एका तरुणीने, केटी फेही यांनी, फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या की जेरीमँडरिंगविरुद्ध काहीतरी करायचंय, कोण येतं? त्यातून सह्यांची मोहीम उभी राहिली, २०१८ मध्ये लोककौल झाला आणि १३ सामान्य नागरिकांचं कमिशन घटनेत आलं. त्यांनी आखलेल्या नव्या तेराव्या मतदारसंघातून २०२२ मध्ये आपले बेळगावचे श्री ठाणेदार काँग्रेसवर गेले, २०२४ मध्ये पुन्हा. त्यांचं मराठी आत्मचरित्र वाचलेले इथे पुष्कळ जण असतील. अभिमान वाटला, तो वाटायलाच हवा. पण याच नकाशाची दुसरी बाजूही आहे. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्तीला पूर्वी दोन मतदारसंघांत गच्च भरलेलं असायचं. नव्या नकाशाने ते पसरवले. आठ-नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत मतं विभागली, ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर पुढे गेले, आणि जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये नव्हता. तिथल्या लोकांनी नाराजी बोलून दाखवली. पुढे राज्य विधिमंडळाचे डेट्रॉइट भागातले १३ मतदारसंघ केंद्रीय न्यायालयाने रद्द केले, कारण रेघा मारताना वर्णाकडे जास्त पाहिलं होतं. कोंबणं वाईट म्हणून पसरवावं, तर पसरवणं म्हणजे फोडणं ठरतं! नागरिकांच्या कमिशनलाही हे कोडं सुटलेलं नाही. तरी बहुतेक बैठका उघड्यावर झाल्या, बदलांची कारणं नोंदली गेली, म्हणूनच न्यायालयात दाद मागता आली. बंद खोलीतल्या नकाशापेक्षा आम्हाला हा घोळ बरा वाटतो.

आयोवाची पद्धत अजून साधी. १९८० पासून तिथे विधिमंडळाचे पक्षनिरपेक्ष कर्मचारी नकाशा काढतात, कोणत्या बूथवर कोणाला मतं पडतात हे न बघता. काँग्रेसच्या मतदारसंघासाठी काउंटी फोडायची नाही, असा नियम. विधिमंडळ मंजुरी देतं.

आता पुढचं. जनगणनेचा दिवस १ एप्रिल २०३०. नकाशे निघतील २०३१ मध्ये. ज्या राज्यांत विधिमंडळ नकाशा काढतं तिथे तोवर निवडून आलेले आमदार आणि गव्हर्नर यांच्या हातात पेन्सिल असेल. राज्याच्या आमदाराचं नाव आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? अध्यक्षांच्या निवडणुकीवर गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत तासभर वाद होतात, आमदाराची निवडणूक कधी झाली ते कळतही नाही.

शाळेची हद्द बदलणार अशी बातमी आली की मात्र शाळा बोर्डाच्या बैठकीला रात्री दहापर्यंत खुर्ची मिळत नाही. आपले लोक तक्ते घेऊन येतात, प्रत्येक रस्त्याचं नाव घेऊन बोलतात, कोणता ओढा ओलांडून मुलांना जावं लागेल ते सांगतात. मतदारसंघाच्या सुनावणीलाही नेमकं हेच लागतं. ‘भारतीयांना न्याय द्या’ असं मोघम लिहिलेलं निवेदन कामाचं नसतं. आपली वस्ती कुठून कुठवर, मंदिर कुठे, किराणा दुकानं कुठे, मुलांची रविवारची मराठी शाळा कोणत्या गावात भरते आणि तिथे कुठकुठून मुलं येतात, दोन गावांच्या मधून जाणारा रस्ता आपल्याला जोडतो की तोडतो, हे दोन पानांत आणि एका हाताने काढलेल्या नकाशात मांडायचं. बोलायला तीनेक मिनिटं मिळतात. बोलणारा नागरिकच असावा लागतो, असंही सहसा नसतं.